साडेबाराची गाडी

“झोप लागली होती म्हणून विचारायचं राहिलं, हे काय कारण झालं का आई?” वर्षाली म्हणाली आणि हातातली मेथीची जुडी तिने ओट्यावर ठेवली. आपटली नाही. आपटली असती तर बरं झालं असतं, असं विजयश्रीला वाटलं.

“कारण नाही सांगत. झालं ते सांगतेय.”

“झालं ते मला माहितीये. माझा नंबर दुसरा होता. पुढची मुलगी आत गेली होती आणि मी उठून आले.”

हे भांडण गुरुवारी संध्याकाळी सुरू झालं होतं. मग चार वर्षांची शार्वी रडायला लागली म्हणून ते अर्धवट राहिलं. शुक्रवारी पहाटे विजयश्री पहिल्या शिफ्टला चाकणजवळ निघोज्याला गेली, दुपारी साडेचारला कंपनीच्या बसमधून उतरली, जिना चढून घरात आली आणि चपला काढते न काढते तोच ते थांबलं होतं तिथूनच पुढे सुरू झालं. तोवर सुनेने दिवसभर त्याच्यावर विचार केला होता. विजयश्रीला मात्र लाइनवर उभं राहून विचार करायला सवड मिळाली नव्हती.

झालं होतं ते इतकंच. शार्वीच्या जन्मानंतर वर्षालीने नोकरी सोडली होती. चार वर्षांनी तिला हिंजवडीतल्या एका कंपनीत मुलाखतीला बोलावणं आलं, गुरुवारी साडेचारला. शार्वीची बालवाडी चारला सुटते. गुरुवार हा विजयश्रीचा सुट्टीचा दिवस. सुट्टीच्या दिवशी ती एसटीने डोंगराकडे जाते हे सगळ्या घराला माहीत, आणि ती चारच्या आत घरी असते हेही माहीत. तेव्हा ती म्हणाली होती की तू जा निवांत, शार्वीला मी आणते. आणि ती चारला आली नाही. सव्वाचारला बालवाडीच्या बाईंचा फोन हिंजवडीला गेला. विजयश्री घरात पोचली तेव्हा सात वाजले होते. चेहरा उन्हाने काळवंडलेला, एका बुटाचा तळ सुटलेला.

धनेश लॅपटॉप मिटवून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. तो आईला उलटून कधी बोलत नसे, पण समजावण्याचा त्याचा एक सूर होता, तो तिला उलट बोलण्यापेक्षा जास्त लागायचा. त्याचं म्हणणं असं की आईचं आता चोपन्न वय आहे, आणि डोंगर बघायचाच असेल तर महिन्यातून एका रविवारी तो गाडीने नेईल. रविवारी तिला सुट्टी नसते, हे त्याला सतरा वर्षांत कळायला हरकत नव्हती. एकदा त्याने रजा टाकायला लावून नेलंही होतं. लोणावळ्याच्या अलीकडे अडीच तास गाडी जागची हलली नाही, शार्वीला उलटी झाली, भजी खाऊन सगळे परत आले.

विजयश्रीचे यजमान दौलतराव खिडकीपाशी खुर्चीत होते. कारखान्यातल्या पत्रे दाबायच्या प्रेस शॉपमधून निवृत्त होऊन त्यांना दोन वर्षं झाली होती आणि आवाज अजून प्रेसच्या वरताण होता. त्यांनी पहिल्यापासून सांगितलंच होतं, असं ते म्हणाले. बाईमाणसाने एकटीने रानात जायचं, बरं तिथे देव तरी आहे का, तर तोही नाही.

“देहूला जा की. दर वीस मिनिटाला बस आहे. चारच्या आत दोनदा जाऊन येशील.”

यावर धनेश हसला. वर्षाली हसली नाही. ती सासूकडे बघत राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, “दुसरं कुणी असतं तर चाललं असतं, आई. मी तुमच्यावर सोडून गेले कारण तुम्ही कधी चुकत नाही.”

विजयश्री मेथी निवडायला बसली.

“नाही जात आता,” ती म्हणाली. “राहू दे.”

घरात एकदम सगळं हलकं झालं. दौलतरावांनी टीव्ही लावला.

विजयश्री औसा तालुक्यातली. तिच्या गावाकडे जमीन अशी सपाट की दोन कोसांवरून येणारा माणूस ओळखू यावा. लग्न होऊन ती पिंपरीला आली, आधी चाळीत आणि मग संत तुकाराम नगरातल्या या दोन खोल्यांत. कारखान्यात नोकरीला लागली तेव्हा धनेश अकरावीत होता. गाड्यांच्या वायरिंगचे जुडगे बांधणारी कंपनी. तिचं काम तपासणीचं. प्रत्येक जोडाला दोन बोटांनी हिसका द्यायचा, सुटला तर लाल पेटीत, नाही सुटला तर पुढे. आठ तास उभ्याने. आता तिच्या उजव्या हाताची दोन बोटं झोपेतही वाकत, असं दौलतराव सांगत.

डोंगराचं वेड तिला लागलं ते अपघाताने. बारा वर्षांपूर्वी एका सकाळी कंपनीच्या दारात गेल्यावर कळलं की वीज नाही, आज काम बंद. सातची वेळ, हातात डबा. तिच्याबरोबर लाइनवरची बिल्किस होती. घरी गेलं तर घरची कामं सुरू होणार, हे दोघींनाही न बोलता कळत होतं. चाकणहून त्या राजगुरुनगरला गेल्या, फक्त बसायला म्हणून. तिथे स्टँडवर एक लाल गाडी उभी होती आणि तिच्या पाटीवर मोरदरा असं नाव होतं. हे गाव कुठे आहे, दोघींनी कधी ऐकलं नव्हतं. कंडक्टरने विचारलं, कुठे उतरणार? बिल्किस म्हणाली, जिथे गाडी वळते तिथे.

पावणेदोन तासांनी गाडी वळली. पुढे रस्ता नव्हता. एक शाळा, एक मारुती, पाच-पंचवीस घरं, आणि त्यांच्या मागे सरळ उभा डोंगर. दोघींनी डोंगराच्या पायथ्याला बसून डबा खाल्ला आणि साडेबाराच्या गाडीने परत आल्या. कुणाला सांगितलं नाही. पुढच्या गुरुवारी विजयश्रीने घरी सांगितलं की ओव्हरटाइम आहे.

पुढे ते उघड झालं आणि घराने दोन-चार वर्षं कुरकुर करून ते स्वीकारलं. मोरदराच असं नाही, ती बऱ्याच ठिकाणी गेली. जुन्नरकडचे किल्ले केले, मावळात गेली, भीमाशंकरच्या मागच्या वाटेने चढली. पण जायची ती एसटीने, आणि जिथे गाडी वळते तिथूनच चढायला लागायची. तिला गाडी नव्हती म्हणून नव्हे. एसटीत खिडकीशी जागा मिळाली की दोन तास तिला कुणी उठवत नसे. हात मांडीवर ठेवायचे, बाहेर बघायचं. वर्षाली नवी असताना एकदा हिशेब करून म्हणाली होती, आई, तुमचे सहा तास गाडीत जातात आणि अडीच तास डोंगरावर, याला ट्रेकिंग कसं म्हणायचं? विजयश्रीने म्हटलं होतं की नको म्हणू. कितीदा तर ती माथ्यावर पोचायचीच नाही. अर्ध्या वाटेवर परतीच्या गाडीची वेळ व्हायची, मग तिथेच एखाद्या दगडावर बसून पेरू खायचा आणि उतरायचं. त्याचं तिला वाईट वाटत नसे.

या प्रवासात डोंगरापेक्षा गाडीचं शास्त्र अवघड होतं. आगाराच्या फळ्यावर लिहिलेली वेळ ही शहरातल्या माणसांसाठी. गावाकडची गाडी गावाच्या रीतीने चालते. बाजाराच्या दिवशी ती उशिरा निघते, कारण बायकांच्या पाट्या चढायच्या असतात. यात्रेच्या आठवड्यात ती दुसरीकडे पाठवतात. संध्याकाळी जाते ती मुक्कामी गाडी, ती रात्री गावातच राहते आणि पहाटे परत फिरते. आणि दुपारची गाडी ही खरं म्हणजे शाळेच्या पोरांची. शाळा आहे म्हणून ती आहे. सुट्टीत ती येत नाही, आणि उन्हाळ्यात सकाळची शाळा लागली की साडेबाराची गाडी अकराला येऊन जाते.

हे सगळं विजयश्रीने कंपनीतल्या जुन्या तपासणीच्या वहीत लिहून ठेवलं होतं. एका गावाला एक पान. निगडीच्या ट्रेकवाल्या पोरांनी त्या पानांचे फोटो काढून एकमेकांना पाठवले होते. अधूनमधून एखाद्या अनोळखी मुलाचा फोन यायचा, मावशी, शनिवारी तिकडची गाडी आहे का? ती विचारायची, शाळेला सुट्टी आहे का ते बघितलंस का? पोरगा म्हणायचा, शाळेचा काय संबंध? मग ती पाच मिनिटं समजावून सांगायची. दौलतराव म्हणायचे, चौकशीची खिडकी उघडली बघा.

वहीतल्या पानांहून वरचा असा तिचा एकच नियम होता. उतरताना कंडक्टरला विचारायचं, परतीची कितीला? वहीत काहीही लिहिलेलं असो, विचारायचं.

त्या गुरुवारी तिने विचारलं नाही. आधीच्या तीन दिवसांत एका ऑर्डरसाठी दोनदा ओव्हरटाइम झाला होता. पहाटे साडेपाचला वल्लभनगरच्या स्टँडवर ती आली तेव्हाच डोळे चुरचुरत होते. चाकणच्या तळेगाव चौकात नेहमीसारखी कंटेनरची रांग होती, पाऊण तास तिथे गेला. राजगुरुनगरला मोरदऱ्याची गाडी धावत पकडली आणि खिडकीला डोकं टेकलं. थेट गाडी वळल्यावर नवनाथ कंडक्टरने हलवलं तेव्हा ती जागी झाली. “मावशी, मोरदरा आला. का जायचं माघारी?” तो म्हणाला. ती तशीच झोपेत उतरली. त्याला वाटलं, हिला माहीत असणारच. वहीत लिहिलं होतं, सकाळची शाळा होळीनंतर. होळीला अजून आठवडा होता. पण यंदा ऊन लवकर तापलं म्हणून शाळा सोमवारपासूनच सकाळची झाली होती.

बाराला दहा कमी असताना ती खाली आली. मारुतीच्या पारावर बसून तिने बुटातले खडे झटकले. साडेबारा वाजले, पाऊण वाजला. शाळेच्या दाराला कुलूप होतं. ते तिला दिसत होतं, पण डोक्यात शिरत नव्हतं. एकला तानुबाई पाण्याची कळशी घेऊन समोरून गेली. ही तिथली म्हातारी, विजयश्री बारा वर्षं तिच्याकडे चहा घेत आली होती.

“कुणाची वाट बगतीयास, बाय?”

“गाडीची.”

“ती अकरालाच गेली नव्हं का. सकाळची साळा झाली सोमवारपासनं. आता एकदम मुक्कामी, साताला. ती काय आज माघारी जायची न्हाई.” मग कळशी खाली ठेवून म्हणाली, “तूच तर समद्यास्नी सांगत आसतीयास.”

मोरदऱ्यात फोनला रेंज नसते. ती चालत निघाली. सात किलोमीटर डांबरी रस्ता, ऐन मार्चचं ऊन, आणि डाव्या बुटाचा तळ पहिल्याच किलोमीटरला सुटला. फाट्यावर कडब्याचा टेम्पो मिळाला. चासला आल्यावर फोनवर रेंज आली तेव्हा पावणेचार वाजले होते. वर्षालीचा फोन वाजून वाजून बंद झाला, वाटेतल्या गोंगाटात तिला ऐकू आला नाही. धनेशने कापला. दौलतरावांचा पूर्ण वाजला, दोनदा, कुणी उचलला नाही. ते जेवून पडले होते, डोळा लागला होता, असं त्यांनी नंतर सांगितलं.

तिने गुरुवार सोडला तो हा असा.

पहिल्या गुरुवारी तिने पडदे धुतले. डबे घासले, उन्हाळ्याचे तिखट-मसाले सांगून आणवले. वर्षालीने तिला न मागता चहा आणून दिला, पण सोबत घेऊन बसली नाही. दुसऱ्या गुरुवारी दौलतरावांनी सकाळीच सांगितलं की आज घरी आहेस तर पुरणाचं कर. मग दुपारी त्यांचे दोन जुने कामगार मित्र जेवायला आले आणि म्हणाले, वहिनी, बरं झालं तुम्ही डोंगर सोडला, आमची सोय झाली. सगळे हसले. तीही हसली. भांडी घासताना तिच्या लक्षात आलं की सकाळपासून आपण एकदाही खाली बसलो नाही.

शुक्रवारी लाइनवर बिल्किसने तिच्या तोंडाकडे बघितलं. बिल्किसने डोंगर चार वर्षांपूर्वी सोडला होता, तिची मुलगी आलिया बाळंतपणाला आली तेव्हा. चहाच्या सुट्टीत दोघी कठड्यावर टेकल्या. विजयश्री म्हणाली की फार काही नाही, थोडे दिवस राहू दे म्हटलं, पोरीला नोकरी लागेपर्यंत.

“मीही तेच म्हटलं होतं,” बिल्किस म्हणाली. “आलियाचं बाळ उठून बसेपर्यंत. ते आता शाळेत जातं.” तिने चहा संपवला आणि कप चुरगाळला. “कुणी अडवलं नाही बघ मला. फक्त कुणी म्हटलं नाही, की जा.”

घंटा झाली. विजयश्री पुन्हा लाइनवर उभी राहिली. त्या दिवशी तिच्या हातून एक सैल जोड पुढे गेला. सुपरवायझर धम्मरत्न तिच्या मुलाच्या वयाचा. त्याने तो परत आणून तिच्यासमोर ठेवला. सतरा वर्षांत असं दोनदा झालं असेल.

तिसऱ्या आठवड्यात वर्षालीला दुसऱ्या एका कंपनीचं बोलावणं आलं. तेही गुरुवारचंच, तीन वाजताचं. तिने ते सासूला सांगितलं नाही, धनेशला सांगितलं, आणि धनेशने आईला. विजयश्री म्हणाली की मी घरीच आहे. वर्षालीने मान हलवली. निघताना तिने बालवाडीच्या बाईंचा नंबर पुन्हा एकदा कागदावर लिहून फ्रिजवर लावला. विजयश्रीला तो गेल्या वर्षीपासून पाठ होता.

ती साडेतीनलाच खाली उतरली. बालवाडी मैदानाच्या कडेला, एका सोसायटीच्या तळमजल्यावर. पालक यायचे होते, बाई पोरांच्या पाण्याच्या बाटल्या गोळा करत होत्या. या दीपमालाबाई, तिशीच्या, वर्षालीच्याच वयाच्या. विजयश्रीला बघून त्यांना बरं वाटलेलं दिसलं. त्यांनी खुर्ची दिली. त्या दिवसाबद्दल विजयश्रीनेच विषय काढला, मुलीला फार वेळ बसावं लागलं, तुम्हालाही त्रास झाला.

बाई म्हणाल्या की त्रासाचं काही नाही. मग जरा थांबल्या, दाराकडे पाहिलं.

“वर्षालीला मी बोलले नाही. सासऱ्याचं सुनेला काय सांगायचं. तुम्हाला सांगते, आजी. मी त्या दिवशी आजोबांना हाक मारली होती.”

“कुठनं?”

“इथूनच, खिडकीतून.” बाईंनी मागची खिडकी दाखवली. खिडकीच्या पलीकडे हातभर बोळ, आणि बोळापलीकडे ज्येष्ठ नागरिकांचं विरंगुळा केंद्र. “चार वाजून पाच मिनिटं झाली होती. मी म्हटलं, आजोबा, शार्वीला न्यायला कुणी आलं नाही, तुम्ही नेता का? ते म्हणाले, तिची आजी येईल, तिचं काम आहे ते. आणि त्यांचा कॅरमचा डाव चालू होता. पोरगीही खिडकीशी उभी राहून आबा आबा करत होती. मग मी फोन केला.”

चार वाजून पाच मिनिटं. त्याच्या वीसच मिनिटं आधी विजयश्री चासच्या रस्त्यावर तुटक्या बुटाने उभी राहून फोन कानाला लावून होती आणि फोन वाजत होता. तो कॅरमच्या शेजारी वाजत असणार. दौलतरावांच्या फोनची रिंग मोठी असते, त्यांना कमी ऐकू येतं म्हणून.

शार्वी दप्तर घेऊन आली. तिने आजीचा हात धरला आणि रोजचीच गोष्ट सांगावी तसं भिंतीकडे बोट करून सांगितलं, “आबा तिकडे असतात.”

दोघी बाहेर पडल्या. घरची वाट डावीकडे होती, विजयश्री उजवीकडे वळली. विरंगुळा केंद्राचं दार उघडंच असतं. आत चार म्हातारे एका बोर्डाभोवती आणि दोघे बघायला. दौलतरावांची तिच्याकडे पाठ नव्हती. त्यांनी मान वर केली, बायकोला पाहिलं, नातीला पाहिलं. बोटांना पावडर लागलेली. क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं, पण ते टिकलं नाही.

“आलो. एवढा डाव होऊ दे,” ते म्हणाले.

“खेळा,” ती म्हणाली.

घरी येताना शार्वीने गोळेवाल्यापाशी हट्ट केला, तिने घेऊन दिला. तिला वाटलं होतं की आपल्याला खूप राग येईल. राग नव्हता. पाय दुखत होते, तळव्यापासून वर, डोंगर न चढताच. पहिल्या जिन्यावर ती बसली आणि नात गोळा खात असताना तिच्या बाजूला बसून राहिली. त्या तीन आठवड्यांत तिने स्वतःला किती वेळा त्या झोपेची आठवण करून दिली होती. खिडकीला टेकलेलं डोकं. न विचारलेला एक प्रश्न. ती चूक तिचीच होती, तिने ती कुणावर ढकलली नव्हती आणि आताही ढकलायची नव्हती. पण दौलतरावांनी बालवाडीपर्यंतचा हातभर बोळ ओलांडला असता तर त्या चुकीने कुणाचं काही बिघडलं नसतं. मोरदऱ्यातच थांबून ती रात्री तानुबाईच्या पडवीत निवांत झोपली असती आणि मुक्कामी गाडीने पहाटे परत आली असती, तरी चाललं असतं.

वर्षाली सहाला आली. मुलाखत बरी झाली होती, कळवतो म्हणाले. तिने शार्वीला उचललं, ओठांवरचा लाल रंग पुसला आणि सासूला म्हणाली, “थँक यू, आई.” तीन आठवड्यांत पहिल्यांदा तिने सासूच्या तोंडाकडे बघून काही म्हटलं होतं.

आठ वाजता सगळे जेवायला बसले. विजयश्रीने वाढलं आणि आज तीही ताट घेऊन बसली. दौलतराव भरपूर बोलत होते, महापालिकेचं पाणी, मेट्रो, शेजारच्यांची गाडी. कॅरममध्ये जिंकल्याचंही त्यांनी सांगितलं. धनेश मोबाइलमध्ये बघत जेवत होता. त्याने आईला विचारलं की पुढच्या गुरुवारी वर्षालीच्या माहेरची माणसं जेवायला बोलावायची का, तू असशीलच ना.

“नसेन,” विजयश्री म्हणाली.

धनेशने मोबाइल खाली ठेवला. “म्हणजे?”

“मी जाणार आहे.”

“अगं पण आपलं ठरलंय ना,” दौलतराव म्हणाले. “पोरीला आणायचं कोणी? परत तसंच व्हायचं.”

“तुम्ही आणायचं.” तिने भाकरीचा तुकडा मोडला. “त्या दिवशीही तुम्ही तिथेच होतात. बाईंनी हाक मारली होती. मी फोन करत होते, तोही तिथेच वाजत होता.”

वर्षालीचा हात थांबला. तिने सासऱ्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. दौलतराव म्हणाले की कोण बाई, काहीही सांगतात लोक, खेळात लक्ष असतं माणसाचं. त्यांचा आवाज नेहमीएवढा मोठा नव्हता. शार्वीने ताटावरूनच सांगितलं की आबा म्हणाले, आजीचं काम आहे. तिला कुणी गप्प बस म्हटलं नाही.

“गाडी चुकली ती माझी चूक,” विजयश्री वर्षालीला म्हणाली. “सकाळच्या शाळेचं विचारायचं राहिलं. ते मी तुझ्यापाशी कबूल केलं आणि अजूनही करते. तुझी ती नोकरी गेली, त्याचं मला वाईट वाटतं. बाकीचं माझं नाही.”

वर्षाली हळूच म्हणाली, “बाबा, तुम्ही झोपला होतात म्हणालात.”

दौलतरावांनी ताक मागितलं. कुणी उठलं नाही. शेवटी ते स्वतः उठले, फ्रिज उघडून उभे राहिले आणि ताक कुठल्या भांड्यात आहे ते त्यांना सापडेना. धनेश म्हणाला, आई, हे आपण नीट बसून बोलू, शनिवारी वगैरे. एवढं लगेच काही ठरवायचं कारण नाही.

“बोलायचं काही नाही,” विजयश्री म्हणाली. तिने ताट उचललं, मोरीत ठेवलं, हात धुतले आणि पदराला पुसत दारात येऊन उभी राहिली. फार दमल्यासारखी दिसत होती ती, आणि आवाजही दमलेलाच होता. “दर बुधवारी शिफ्ट सुटली की मी कंपनीतूनच परस्पर जाईन. राजगुरुनगरहून मुक्कामी गाडी मिळते, राहायची सोय आहे. बुधवारचं जेवण सकाळी करून ठेवीन, गुरुवारचं तुमचं तुम्ही बघा. शार्वीला गुरुवारी हे आणतील. मी गुरुवारी गाडी मिळेल तशी येईन, किती वाजता ते सांगणार नाही.”